जुन्या गाडीचा वेग : वाचकांचे प्रश्न, मिस्त्रीची उत्तरं

गेली ३१ वर्षं मी इंजिनं उतरवतो आणि बांधतो आहे. त्यातली बरीचशी जुन्या गाड्यांची, आणि काही पाव मैलाच्या सरळ पट्ट्यावर, म्हणजे ड्रॅग स्ट्रिपवर पळणाऱ्या गाड्यांची. मागच्या अंकात या विषयाला मी नुसता हात लावला होता. त्यावर आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, उत्तरं मात्र लागतील तेवढी लांब.

प्रश्न : १९८८ सालची, मागच्या चाकांवर चालणारी, १६०० सीसीची कार्ब्युरेटरवाली गाडी वडिलांकडून माझ्याकडे आली आहे. रोज कामावरही न्यायची आहे आणि महिन्यातून एकदा ड्रॅग स्ट्रिपवर पळवायची आहे. मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), मोठा कार्ब्युरेटर, हेडर्स (एक्झॉस्टचे मोकळे पाइप) आणि कमी वजनाचं फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) अशी यादी तयार आहे. सुरुवात कशापासून करू?

यादी बाजूला ठेवा आणि सिलिंडरातला दाब मोजणारं एक कॉम्प्रेशन गेज घ्या, नाहीतर कोणाकडून तरी मागून आणा. तुमच्या यादीतली प्रत्येक वस्तू इंजिनाकडून जास्त काम मागणार आहे. ते काम करण्याइतकं इंजिन धड आहे का, हे तुम्हाला अजून कळलेलं नाही.

गाडी चांगली गरम होऊ द्या. कॉइलची वायर काढा, चारही प्लग काढा, कोणाला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सांगा आणि स्टार्टर मारा. चार-पाच ठोक्यांत काटा वर जाऊन थांबतो. तो कुठे थांबला ते बघालच, पण तिथवर कसा पोचला तेही बघा. चांगल्या सिलिंडरात पहिल्याच ठोक्याला काटा मोठी उडी मारतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तो रांगत रांगत चढतो. समजा आकडे आले १६५, १६०, १६२ आणि ११८ पीएसआय. चौथ्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेडगॅस्केट गेलं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर बहुतेक वेळा त्या दोघांमधलं गॅस्केट उडालेलं असतं.

लीकडाउन टेस्ट त्याहून नेमकं सांगते. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि सिलिंडरात १०० पीएसआय हवा. गळती १० टक्क्यांच्या आत असली की मी समाधानी असतो. २०च्या वर गेली की आधी दुरुस्ती. पण या टेस्टमध्ये गेजइतकाच कान कामाला येतो. पंखा, रेडिओ, सगळं बंद करा आणि ऐका. सूं असा आवाज कार्ब्युरेटरमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या तोंडातून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट. एक काळजी घ्या : क्रँकच्या बोल्टवर पाना तसाच ठेवून हवा सोडू नका. इंजिन फिरलं तर तो पाना हात मोडतो.

इंजिन धड निघालं, की एकही भाग न बदलता गाडी स्ट्रिपवर न्या. त्याआधी वजनकाट्यावर तुमच्यासकट तिचं वजन करा. स्ट्रिपवर जी टाइम स्लिप मिळते तिच्यावर लागलेला वेळ असतो आणि शेवटच्या टप्प्यातला वेगही. वेळ सुटण्यावर, टायरवर, गिअर टाकण्यावर बराच अवलंबून असतो. शेवटचा वेग मात्र इंजिनाची ताकद बऱ्यापैकी खरी सांगतो. पाव मैलासाठी एक जुना ठोकताळा आहे. ताशी किलोमीटरमधल्या वेगाला ३७६.६ने भागा, जे येईल त्याचा घन करा, त्याला किलोतल्या वजनाने गुणा आणि मग २.२ने गुणा. ११०० किलोची गाडी १३०च्या वेगाने रेषा ओलांडत असेल तर उत्तर येतं सुमारे १०० अश्वशक्ती. तीच गाडी १४०ने ओलांडू लागली तर १२५च्या आसपास. हा पहिला आकडा वहीत पहिल्या पानावर लिहा. पुढे जो काही बदल कराल त्यानंतर पुन्हा मोजा, आणि एका वेळी एकच बदल करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी मंदावली, तर दोष कोणाचा हे शोधण्यात सहा महिने जातात. माझे गेले आहेत.

आता तुमची यादी. हेडर्स आधी घ्या. कार्ब्युरेटर आहे तोच सर्व्हिस करून, नवे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, लावून किती देतो ते बघा. फ्लायव्हील हलकं करायचं असेल तर जुनं बिडाचं खरवडून नको. जास्त आरपीएमला ते फुटलं तर क्लचचं घर फोडून थेट पायाशी येतं. स्टीलचं, शर्यतीसाठी तपासून प्रमाणित केलेलंच घ्या. कॅम सगळ्यात शेवटी. आणि यादीत नसलेली गोष्ट म्हणजे वजन. मागची सीट, स्टेपनी, जॅक, डिकीतलं सामान शर्यतीच्या दिवशी उतरवून ५० किलो कमी झालं, तर १७ सेकंदांच्या आसपास धावणाऱ्या तुमच्या गाडीचा साधारण पाव सेकंद वाचतो.

प्रश्न : सायलेन्सर काढून सरळ पाइप टाकला की पिकअप वाढतो असं सगळे म्हणतात. काहीजण उलट सांगतात, की इंजिनाला मागून थोडा दाब लागतोच. खरं काय?

इंजिनाला मागून दाब कधीच नको असतो. त्याला हवा असतो पाइपमधल्या गॅसचा वेग. वेगाने बाहेर पडणारा गॅस आपल्या मागे पोकळी सोडतो आणि ती पोकळी पुढच्या ठोक्याचा जळका गॅस ओढून घेते. फार रुंद पाइप टाकला की हा वेग पडतो, खालच्या आरपीएमचा जोर जातो, आणि लोक म्हणतात दाब कमी झाला म्हणून जोर गेला. सायलेन्सर नुसता उडवलात आणि जेट तेच ठेवलेत, तर मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, इंजिन जास्त तापू शकतं. मोठा आवाज कानाला वेगासारखा वाटतो. टाइम स्लिपवर बघा. पाइप बदलण्याआधी आणि नंतर शेवटचा वेग तोच असेल, तर तुम्ही शेजाऱ्यांची झोप घालवलीत, बाकी काही मिळवलं नाहीत. आतून मोकळा पण आवाज दाबणारा चांगला सायलेन्सर मिळतो. तो लावा.

प्रश्न : माझ्या १६०० सीसी इंजिनात मी मोठा कॅम टाकला आणि वेबर ४० डीसीओई कार्ब्युरेटरची जोडी बसवली. आता आयडलला गाडी थरथरते, ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं आहे, ३००० आरपीएमच्या खाली जीवच नाही. मित्राने टायमिंग पुढे घेऊन, म्हणजे स्पार्क आधी पडेल असं करून दिलं, तेव्हापासून जरा बरी पळते, पण चढावर खडखड असा बारीक आवाज येतो. कुठे चुकलं?

आधी तो खडखडाट. हे वाचून झालं की टायमिंग मागे घ्या आणि तोवर गाडीला ताण देऊ नका. तो टॅपेटचा आवाज नाही. ते नॉकिंग आहे. स्पार्क पडल्यावर ज्वाला सिलिंडरात एका बाजूने दुसरीकडे पसरत जायला हवी. टायमिंग फार पुढे असलं, पेट्रोलचा ऑक्टेन कमी पडला किंवा आत फार तापलं, की ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून भडकतं. त्या धक्क्याने सिलिंडरच्या भिंती वाजतात. तोच तुम्हाला ऐकू येतो.

मी पहिलं इंजिन बांधलं तेव्हा बावीस वर्षांचा होतो. टायमिंग दोन अंश पुढे घेतलं की गाडी हलकी वाटायची, म्हणून मी आणखी दोन घेतले. खडखड येत होती. शर्यतीचा आवाज असाच असतो असं मी स्वतःला समजावलं. तिसऱ्या आठवड्यात एका सिलिंडरने मिस मारायला सुरुवात केली. प्लग काढला आणि भिंगाखाली धरला. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके होते, आणि मधूनमधून चांदीसारखे चकाकणारे अगदी बारीक गोळे. ते माझ्याच पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं, वितळून प्लगवर येऊन बसलेलं. हेड उतरवलं, पिस्टन बाहेर काढला. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली भिंत नखाएवढ्या तुकड्यात तुटून खाली आली होती, आणि त्या तुकड्याने बोअरवर वरपासून खालपर्यंत ओरखडा काढला होता. आवाज मला तीन आठवडे सांगत होता. मी ऐकलं नाही. तो पिस्टन आजही माझ्या टेबलावर आहे, आणि टायमिंग पुढे घ्या म्हणून हट्ट धरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी तो देतो.

तुमचेही चारही प्लग काढून भिंगाखाली बघा. असे चकाकणारे ठिपके दिसले तर कॉम्प्रेशन पुन्हा मोजल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

टायमिंग बघताना जुन्या गाडीत एक फसवणूक असते. क्रँकच्या पुलीवरची खूण खरी असेलच असं नाही. दोन भागांमध्ये रबर असलेल्या पुलीत ते रबर म्हातारं होतं, बाहेरचं कडं सरकतं आणि खूणही त्याच्याबरोबर सरकते. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवा, इंजिन हाताने हळूच दोन्ही दिशांना फिरवा, जिथे जिथे अडेल तिथे पुलीवर खुणा करा. त्या दोन खुणांच्या बरोबर मध्यावर खरा वरचा बिंदू. मग टायमिंग दाखवणारा स्ट्रोब लाइट लावा. दोन व्हॉल्व्हच्या बऱ्याच जुन्या इंजिनांत व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून, जास्त आरपीएमला, सगळं मिळून ३२ ते ३६ अंश लागतात. खालच्या टोकापासून सुरू करा आणि स्ट्रिपवर दोन-दोन अंशांनी वर जा. शेवटचा वेग वाढायचा थांबला की तिथून दोन अंश मागे या.

आता कॅम. मोठ्या कॅममध्ये व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळही वाढतो. ५०००च्या पुढे याचा फायदा होतो, कारण तिथे गॅसच्या स्वतःच्या वेगामुळे सिलिंडर जास्त भरतो. खालच्या आरपीएमला मात्र जळका गॅस उलटा इनटेककडे शिरतो. त्यामुळे ती थरथर आणि ३०००च्या खालची मरगळ. ब्रेकचंही तेच. ब्रेक बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. धडधाकट मूळ इंजिन आयडलला १७ ते २१ इंच पारा व्हॅक्यूम देतं. मोठ्या कॅमला ते १० वर येऊ शकतं. त्यात तुम्ही दर सिलिंडरला वेगळा घसा असलेले कार्ब्युरेटर लावलेत, त्यामुळे उरलेला व्हॅक्यूमही धक्क्याधक्क्याने येतो. बूस्टरची नळी एकाच रनरला, म्हणजे एकाच सिलिंडरच्या इनटेक पाइपला, जोडली असेल तर चारही रनरमधून बारीक नळ्या काढून एका छोट्या टाकीत आणा, पुढे वन-वे व्हॉल्व्ह लावा आणि मग बूस्टर जोडा. तरी पेडल घट्ट राहिलं तर विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप लावा. हे होईपर्यंत गाडी रस्त्यावर नको. जास्त पळणारी आणि कमी थांबणारी गाडी कोणालाच नको.

वेबरची जोडी वाईट नाही, फक्त आत काय बसवलं आहे ते बघा. ४० हा बाहेरच्या घशाचा आकार. खरं काम करतो तो आतला चोक, म्हणजे घशातली अरुंद जागा. तुमच्या इंजिनाला रस्त्यावर ३० ते ३२ मिलीमीटर पुरतात. मोठे असतील तर हवेचा वेग पडतो आणि पेट्रोल नीट उचललं जात नाही. मेन जेटसाठी चोकचा आकार गुणिले ४ हा सुरुवातीचा हिशेब : ३२च्या चोकला १३०च्या जवळचा जेट, आणि एअर करेक्टर त्याहून ५०ने मोठा, म्हणजे १८०. तिथून पुढे अंदाज नको. एक्झॉस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर बसवा. पूर्ण ॲक्सिलरेटरला १२.५ ते १३ भाग हवेला एक भाग पेट्रोल हवं. १४.७चा जो आकडा सगळीकडे ऐकू येतो तो पूर्ण ज्वलनाचा हिशेब आहे. पूर्ण जोराच्या वेळी तो पातळ पडतो. आणि दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा घेत आहेत का, हे एअरफ्लो मीटर लावून जुळवल्याशिवाय जेटला हात लावू नका.

हे सगळं जुळलं तरी गाडी खाली थोडी मरगळलेलीच राहील, कारण ताकद वरच्या आरपीएमला गेली आणि डिफरन्शियल जुनाच राहिला. तुमच्या चाकाचा घेर १.८ मीटर धरा. ताशी १३०ला चाक मिनिटाला सुमारे १२०० वेळा फिरतं. डिफरन्शियल ३.९चा (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.९ फेरे) आणि चौथा गिअर सरळ असेल तर इंजिन ४७००वर असतं. कॅमला मजा येते ती त्याच्या पुढे. ४.४४चा लावलात तर ५३५०. गाडी सुटतानाही तेवढीच चपळ होईल. किंमत अशी, की रोजच्या ८०च्या वेगाला इंजिन ४०० आरपीएम जास्त फिरेल, आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाढेल. रोज कामावर न्यायची असेल तर मी मूळ कॅमपेक्षा एकच पायरी मोठा कॅम घ्यायला सांगेन. तुमचा आत्ताचा कॅम विका. नव्या कॅमचे टॅपेट सपाट तळाचे असतील तर पहिल्यांदा सुरू झाल्यापासून २० मिनिटं इंजिन २०००च्या खाली येऊ देऊ नका आणि झिंक जास्त असलेलं ब्रेक-इन ऑइलच वापरा. नाहीतर कॅमचे उंचवटे पहिल्याच दिवशी घासून सपाट होतात.

प्रश्न : गाडी सुटताना मागची चाकं जागेवर गरगरतात, मग कधी पकड येते, कधी मागचा ॲक्सल धाडधाड उडतो. शेवटचा वेग माझा जास्त असतो तरी शेजारचा जिंकतो. आणखी ताकद वाढवू का?

नको. ताकद तुमच्याकडे आहे, ती जमिनीपर्यंत पोचत नाही. टाइम स्लिपवर ६० फुटांचा, म्हणजे पहिल्या १८ मीटरचा वेळ असतो. मी स्लिप हातात घेतली की आधी तोच बघतो. तिथे वाचलेला दशांश सेकंद पाव मैलाच्या शेवटी दीड ते दोन दशांश होऊन मिळतो. ताकदीने एवढं मिळवायला इंजिन उघडावं लागतं. इथे टायरमधली हवा बदलून मिळतं.

ॲक्सल उडतो म्हणजे मागे पाटे आहेत असं धरतो. क्लच सोडला की ॲक्सल उलटा पिळतो, पाटे एस अक्षरासारखे वाकतात, मग सुटतात, पुन्हा वाकतात. चाक जमिनीवर बॉलसारखं आपटत राहतं. पाट्यांचे बुश नवे करा, यू-बोल्ट घट्ट करा, मागचे शॉकअब्जॉर्बर बदला, आणि त्यानेही भागलं नाही तर ॲक्सलचा पीळ रोखणारे ट्रॅक्शन बार लावा. उडणाऱ्या ॲक्सलने शाफ्टचे क्रॉस तुटतात. तुटलेला शाफ्ट पुढच्या टोकाने रस्त्यात रुतला तर गाडी उचलून टाकतो, म्हणून शाफ्टखाली लोखंडी कडं, ड्राइव्हशाफ्ट लूप, आजच बसवून घ्या.

एकच चाक फिरत असेल तर दोष साध्या डिफरन्शियलचा. शाफ्टच्या पिळामुळे बहुतेक गाड्यांत मागचं उजवं चाक हलकं होतं, आणि साधा डिफरन्शियल सगळा जोर त्याच हलक्या चाकात घालवतो. दोन्ही चाकांना जोर देणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवा. वेल्डिंग मारून डिफरन्शियल जाम करायचा सल्ला कोणी देईल. रस्त्यावर चालवायच्या गाडीला तो नको. वळणावर टायर घासतात आणि कधीतरी ॲक्सल तुटतो.

ड्रॅग रेडियल टायर असतील तर स्ट्रिपवर हवा १५ ते २० पीएसआयच्या दरम्यान ठेवून बघा, दोन-दोनने बदलत. घरी निघण्याआधी पुन्हा भरा, हे विसरू नका. साधे रस्त्याचे टायर असतील तर सुटण्याआधी टायर भिजवायला केलेल्या पाण्याच्या डबक्यातून जाऊच नका, बाजूने वळसा घ्या. खाचांत अडकलेलं पाणी नेमकं सुटायच्या रेषेवर गळतं. आणि मित्राला प्रेक्षकांच्या कठड्यामागून तुमच्या मागच्या चाकाचा व्हिडिओ काढू द्या. हळू चालवून बघितला की टायर कुठे सुटतो ते सगळं दिसतं.

शेजारचा का जिंकतो याचं आणखी एक कारण असू शकतं. लागणारा वेळ तुमचं पुढचं चाक रेषेवरचा किरण सोडतं तेव्हापासून मोजतात, हिरवा दिवा लागल्यापासून नाही. तुम्ही दिवा बघून अर्धा सेकंद विचार केलात तर तो वेळ वेगळा लिहिला जातो, पण शर्यत त्यानेच जाते. साध्या ट्रीमध्ये, म्हणजे सुटण्याच्या रेषेवरच्या दिव्यांच्या खांबावर, पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागतात. हिरव्याची वाट बघू नका. शेवटचा पिवळा लागला की क्लच सोडा.

प्रश्न : आमच्याकडून स्ट्रिप फार लांब आहे. रात्री दोननंतर रिकाम्या हमरस्त्यावर आम्ही तीन-चार मित्र शर्यत लावतो. कोणाला त्रास होत नाही. त्यासाठी माझ्या गाडीत कोणते बदल करावेत?

त्यासाठी मी एकही बदल सांगणार नाही. राग मानू नका, हे मी मनापासून लिहितो आहे.

ताशी १४०ला गाडी सेकंदाला ३९ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद धरा : ३९ मीटर गेले. उत्तम टायर, उत्तम ब्रेक, कोरडा रस्ता असला तरी थांबायला आणखी सुमारे ९६. एकूण १३५ मीटर. जुन्या गाडीचा लो बीम त्याच्या निम्म्यापर्यंतही धड पोचत नाही. म्हणजे जे दिसेल ते धडकण्याआधी तुम्ही थांबूच शकत नाही. रस्ता रिकामा होता, हे तुम्हाला दर वेळी शर्यत संपल्यावर कळतं. आणि १००ऐवजी १४०ला गाडीत जवळजवळ दुप्पट ऊर्जा असते. ती सगळी ब्रेकना, नाही तर गाडीच्या पत्र्याला झेलावी लागते.

अमेरिकेत वॅली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन सुरू केली ती याच कारणासाठी, रस्त्यावर शर्यती लावणाऱ्या पोरांना बंद पट्ट्यावर आणण्यासाठी. स्ट्रिपवर रेषेनंतर थांबायला लांब जागा असते, दोन्ही बाजूंना कठडे असतात, आग विझवणारे लोक उभे असतात, आणि पट्टा चिकट करून तयार केलेला असतो, त्यामुळे तुमची तीच गाडी तिथे जास्त वेगाने सुटते. आडवं कोणी येत नाही. महिन्यातून एकदा चौघांनी मिळून ट्रेलर करा आणि जा. जाऊन आलात की टाइम स्लिप पाठवा. मी प्रत्येकाला उत्तर देईन, कितीही लांब पत्र असलं तरी.

प्रश्न : माझ्या बावीस वर्षांच्या मुलाला आजोबांची जुनी गाडी मिळाली आहे. तो ती ड्रॅग रेसिंगसाठी तयार करतो आहे. दिवसभर गॅरेजमध्ये असतो, खूश असतो, पण मला भीती वाटते. त्याला थांबवू का?

ताई, थांबवू नका. अटी घाला, आणि त्या पाळल्याशिवाय किल्ली देऊ नका. त्या अटी मी लिहून देतो, म्हणजे भांडण झालं तर माझ्या नावाने होईल.

टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३४१२ म्हणजे २०१२ सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, असे टायर वेगाने पळवायचे नाहीत. इंजिनाजवळची पेट्रोलची प्रत्येक रबरी नळी नवी. बॅटरी पट्ट्याने बांधलेली. सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात तिथला पत्रा त्याने खालून हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकून बघावा. टणक आवाज आला पाहिजे. भसभस झाला किंवा गंज सुटून पडला तर आधी ते कापून नवा पत्रा लावायचा. पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर झाला की नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमाने हेल्मेट सक्तीचं. तुमच्या घरी पहिल्या दिवसापासून. जुनी गाडी ११.४९पर्यंत आली तर रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान, लागतो. त्याची गाडी अजून खूप मागे असेल, पण त्याला आत्ताच सांगून ठेवा.

आणि ब्रेक. जुन्या गाडीतल्या रबरी ब्रेकनळ्या बाहेरून चांगल्या दिसतात आणि आतून सुजलेल्या असतात. सगळ्या नव्या घ्यायच्या. ब्रेक ऑइलही नवं. ते हवेतली ओल शोषत राहतं : नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, तेच ओल प्यायलं की १५५ पर्यंत खाली येतं. ऑइल उकळलं की पेडल सरळ तळाला जातं.

ते बदलताना नळ्यांतली हवा काढावी लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात : एक चाकाशी, एक पेडलवर. पेडलवर तुम्ही बसा. तो सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करेल. तो ‘दाब’ म्हणाला की हळूच दाबा. चाकाशी हवा सोडायचा निपल उघडताच पेडल पायाखालून खाली जाईल. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. पेडल तळाला गेलं की ‘गेलं’ म्हणून सांगा आणि तसंच धरून ठेवा. निपल बंद झाल्याचं तो सांगेपर्यंत पाय उचलू नका.